भिंगरी आणि निळा डबा

लाँड्रीत तिला भिंगरी म्हणत. नाव थोरल्या नणंदेनं ठेवलेलं, त्यामुळं ते पुसून जाण्यातलं नव्हतं. दोघी एकाच लाँड्रीत कामाला होत्या. नणंद खळीच्या टाकीवर, भिंगरी वाफेच्या इस्त्रीवर. हॉटेलांचे टेबलक्लॉथ एका बाजूनं चुरगळलेले आत जायचे आणि दुसऱ्या बाजूनं पत्र्यासारखे सपाट होऊन निघायचे. काम एका जागी उभं राहून करायचं, आणि नेमकं तेच भिंगरीच्या अंगाला मानवत नव्हतं. हात इस्त्रीवर असले तरी खाली पाय चाललेलेच. जेवायच्या सुट्टीतसुद्धा डबा हातात घेऊन बाई दारापासून नळापर्यंत फेऱ्या मारायची.

"भिंगरे, एक घास तरी बसून गीळ," नणंद म्हणायची.

"बसले की अन्न गुडघ्यात उतरतं, वन्सं."

एकदा कामावर यायची बस चुकली म्हणून ती पळत आली. त्या दिवशी तिचे पाय संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. मग तिनं बसच सोडली. पळायचा नाद लागला तो असा, आणि वाढत वाढत शहरातल्या मॅरेथॉनपर्यंत गेला.

पहिल्या वर्षी बंद गिरणीपाशी पायांतला जीव गेला. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि बाई पदपथावर बसली. थकलेभागलेले गोळा करत एक गाडी मागून येते, तिनं उचलून आणलं. दुसऱ्या वर्षी भिंगरीनं शहाणपण केलं. वाटेत जीव जायला नको म्हणून गोड पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिचवली. त्याच गिरणीपाशी पोटात अशी घुसळण सुरू झाली की बाईनं रस्ता सोडून मेंदीचं कुंपण गाठलं. कुंपणामागून निघेपर्यंत गाडी पुढ्यात येऊन उभी.

"पाय तयार आहेत तुझे," नवरा म्हणाला. तो सुतार माणूस, मोजूनमापून बोलायचा. "पण पोट तुझ्याही पुढं पळतंय."

नणंदेनं तर इस्त्रीच्या यंत्रावर खडूनं कुंपण काढून ठेवलं. ते पुसायची कुणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या वर्षी चिडून भिंगरी सगळ्यांसमोर बोलून गेली, "या खेपेला गाडीतून परत आले तर बूट बंबात घालीन. पुन्हा पळायचं नाव काढणार नाही." बोलली ती नणंदेपुढं, म्हणजे दगडावर कोरल्यासारखंच. आणि बूट गेले तर हे पाय दिवसभर ठेवायचे कुठं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

म्हणून ती खेळाडूंच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कुंपणासकट.

"पळताना शरीर आधी घरातला साठा जाळतं," बाई म्हणाल्या. "स्नायूंत आणि यकृतात साखर साठवलेली असते. ती सरत आली की पाय जड होतात. म्हणून वाटेत वरून थोडी घालायची. पण आतडं एका वेळी ठरावीकच साखर आत घेतं. तुम्ही बाटली ओतलीत, उरलेली आत खदखदली."

"चुलीत एकदम सगळी लाकडं कोंबली म्हणायची."

"तसंच. सरावातच घोट घोट प्यायची सवय लावा, आतडंही शिकतं. आणि ही प्रीबायोटिक पावडर घ्या. ही तुम्हाला पचत नाही."

"मग मी कशाला खाऊ?"

"मोठ्या आतड्यातले चांगले जंतू खातात. ते नीट राहिले तर पोट कदाचित कमी कुरकुर करेल. कदाचित म्हणतेय, बरं का. आणि सुरुवातीला गॅस होईल. थोड्यापासून सुरू करा."

भिंगरीनं ते 'कदाचित' तिथंच टेबलावर ठेवलं आणि पाकीट घेऊन आली.

लाँड्रीतल्या वाफेनं पाकीट ओलं होईल म्हणून तिनं पावडर दुधाच्या भुकटीच्या निळ्या डब्यात भरली. फळीवर तिचा डबा दाराकडं असायचा, आणि खिडकीकडं नणंदेचाही तसलाच निळा डबा होता. टाकीला खळ पोत्यातून घालायची, पण अडीनडीला असावी म्हणून नणंद बटाट्याची कोरडी खळ त्या डब्यात राखून ठेवायची.

पहिला आठवडा अवघड गेला. इस्त्रीपाशी कुणी थांबेना. वाफेचा फुसकारा मोठा, म्हणून निभावलं. मग लाँड्रीत रंगकाम निघालं, फळी रिकामी झाली, पुन्हा लागली, आणि त्यानंतर भिंगरीचं पोट शांत झालं. पावडरीची गोडसर चव गेली, ती पाण्यात विरघळेना, पेल्याच्या तळाशी बसायला लागली. वाफ लागली असेल, असं म्हणून भिंगरी बोटानं ढवळायची आणि गटकन प्यायची. सकाळच्या लांब पळण्यात दर बसथांब्याला दोन घोट साखरपाणी घ्यायची. महिनाभर पोट हूं की चूं करेना. पावडरीचा गुण तिनं अख्ख्या लाँड्रीला ऐकवला.

मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी खळीचं पोतं संपलं. नणंदेनं निळा डबा टाकीत ओतला. खळ घट्ट होईना. आणखी ओतली. तरी पाणी पाणीच. शेवटी तिनं डबा उपडा करून बुडावर थापट्या मारल्या.

इस्त्रीवर पहिलाच टेबलक्लॉथ चिकटला. ओढून काढला तर त्यावर तांबूस डाग, आणि साखर करपल्याचा वास. भिंगरीनं तो डाग नखानं खरवडला, जिभेला लावला आणि तशीच उभी राहिली. पायसुद्धा हलेनात.

"वन्सं, टाकीत काय घातलंत?"

"खळ. तुझ्या माहेरचं सोनं नाही."

"डबा कुठला?"

"निळा, खिडकीकडचा."

"डाग गोड लागतोय. म्हणजे खिडकीकडचा माझा."

"तुझा दाराकडचा. रोज त्यातूनच तर पितेस."

दोघींनी फळीकडं पाहिलं. मग नणंदेनं दाराकडचा डबा उघडला, चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली. खळ कचकचली. इतक्या वर्षांच्या हाताला सांगावं लागत नाही.

"रंगकाम झाल्यावर डबे मीच लावले गं, उलटे लागले," ती म्हणाली. पुढं तिला हसू आवरेना. "अगं बाई. महिनाभर खळ प्यायलीस? म्हणून एवढी ताठ चालतेस होय."

भिंगरी हसली नाही. उद्याची सगळी भिस्त ज्या पावडरीवर होती, ती हॉटेलच्या टेबलक्लॉथांना पाजली गेली होती. तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"नुसती बटाट्याची आहे? दुसरं काही मिसळलेलं नाही? मग घाबरू नका, पण आता पिऊही नका. कच्चं पीठच असतं ते, बरंचसं न पचता खाली जातं. तिथले जंतू तेही खातात."

"म्हणजे गुण आला तो खळीचा?"

"ते मी कसं सांगू? त्याच महिन्यात तुम्ही घोट घोट प्यायचीही सवय केलीत. कशानं काय झालं, सांगता येणार नाही."

"मग उद्या पोट कुणाच्या भरवशावर न्यायचं?"

"तुमच्याच."

टेबलक्लॉथ पुन्हा धुवावे लागले. दोघींनी मिळून धुतले. घरी भिंगरी स्वयंपाकघर ते दार अशी चालत राहिली. नवऱ्यानं बूट उचलून फडताळावर ठेवले, तिनं ते खाली काढले, पुन्हा चालली.

सकाळी पळायला लागली ती कान पोटाला लावूनच. जरा काही गुडगुडलं की नजर रस्त्याकडेला कुंपण शोधायची. पहिल्या दोन थांब्यांना तिनं पाण्याला हातही लावला नाही. भीतीच बसली होती. गिरणीची चिमणी दिसली तेव्हा मांड्या शिसं ओतल्यासारख्या झाल्या होत्या.

मेंदीच्या कुंपणापुढं कमरेला पदर खोचून नणंद उभी होती. हातात साखरपाण्याची बाटली.

"पी."

"नको, वन्सं. घुसळतंय."

"घाबरल्यामुळं घुसळतंय. दोन घोट. डॉक्टरीण काय म्हणाली?"

भिंगरीनं बाटली तोंडाला लावली. तिसरा घोट घ्यायला गेली तर नणंदेनं ती हिसकावून घेतली आणि शेजारून पळायला लागली, चपला फटाफट वाजवत. पुढच्या खांबापाशी आणखी दोन घोट. तिथं पोटात एक मोठी गुडगुड झाली. दोघी थांबल्या. कुंपण अजून हाकेच्या अंतरावर होतं. मग भिंगरीच्या मागून जो आवाज निघाला, तो मागच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेला.

"बसताय का, ताई?" त्यानं विचारलं.

"नुसता वारा होता," नणंद म्हणाली. "गाडी मागं घे तुझी."

पाय हळूहळू सुटले. भिंगरी पोचली तेव्हा शेवटच्या रेघेवरचा फलक गुंडाळायचं काम चाललं होतं, पण रेघ होती. नवऱ्यानं घरून स्टूल आणलं होतं. ती त्यावर बसली.

नणंद धापा टाकत रिक्षातून उतरली. "बसलीस का एकदाची?"

"बसले. पण वन्सं, हे झालं कशानं? पहिल्या आठवड्यातल्या पावडरीनं, खळीनं, का घोटांनी?"

"मी खळवाली. मला काय विचारतेस?"

"आधी नुसती पावडर पिऊन बघायला हवं. मग नुसते घोट."

"बूट बंबातून वाचले, ते बघ आधी."

भिंगरीनं ते ऐकलंच नाही. स्टुलाखाली तिचे पाय पुन्हा हलायला लागले होते.