ओला ओटा

शिक्षकदिनाला कुणी ना कुणी जुनी विद्यार्थिनी घरी येते, पाया पडते आणि विचारते, “बाई, तुमचं प्रेरणास्थान कोण?” मला हा शब्दच आवडत नाही. स्थान म्हटलं की फोटो आला, हार आला, उदबत्ती आली. मला जिनं शिकवलं तिचा फोटो कुणी काढला नाही. हार मात्र एकदा तिच्यासाठी तयार झाला होता, आणि त्या हाराची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. या वयात तापू नये असं डॉक्टर म्हणतात. म्हणू देत.

मी वर्ध्याची. लग्न होऊन पुलगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात आले आणि तिथल्या शाळेत मुलींच्या वर्गावर बाई म्हणून लागले. नवऱ्याची नोकरी पुलगावला, तो रविवारी यायचा. घरी मी आणि सासूबाई. त्या बोलायला कमी आणि कामाला वाघ. विहिरीवरून पाणी ओढणं, गोठा, चूल, सगळं स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं केलेलं त्यांना पटायचं नाही.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा शाळा म्हणजे टकळी. पोरींच्या हातात पुस्तकाच्या बरोबरीनं कापसाचा पेळू असायचा. पाहुणा आला की त्याला फुलांचा नव्हे, मुलांनी कातलेल्या सुताचा हार घालायचा, ही रीत. पाहुणे तो हार भाषणाआधी गळ्यातून काढून टेबलावर ठेवायचे आणि जाताना तिथंच विसरायचे. पोरींच्या बोटांना पडलेले घट्टे त्यांना कुठून दिसणार?

एक दिवस चौथीच्या वर्गात उपकारांवरचा धडा होता. मी विचारलं, आपण कुणाचे उपकार मानावे? आईचे, वडिलांचे, गुरुजींचे, देशाचे. पुस्तकातली उत्तरं पुस्तकाच्याच क्रमानं आली. मग शेवटच्या रांगेतली एक पोरगी उठली. शेतकऱ्याची, चांगल्या खात्यापित्या घरची.

“बाई, मी पायाळू होती. माही माय म्हनते, बुढी नसती तं आमी दोघीबी गेलो असतो. बुढीचं नाव सांगू का?”

बुढी म्हणजे गावची सुईण. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. त्या वस्तीनं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली त्याला तेव्हा तीनेक महिने झाले होते, आणि बुढीही घेऊन आली होती. त्या पोरीनं तिचं नाव घेतलं आणि वर्गात एकामागून एक हात वर होऊ लागले. मले बी बुढीनंच. माह्या भावाले बी. जवळजवळ सगळा वर्ग त्या एका बाईच्या हातावर जन्मलेला होता. पोरींनीच ठरवलं, सव्वीस जानेवारीला एक हार बुढीला घालायचा. त्यासाठी त्या मधल्या सुट्टीतही टकळ्या फिरवत बसल्या. इतकं बारीक, एकसारखं सूत मी त्या शाळेत पुन्हा पाहिलं नाही.

आता ही बुढी घरात कशी यायची ते सांगते. घरामागच्या सांदवाडीतून, म्हणजे जिथून शेण काढतात तिथून. बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव नव्हता, कारण त्या खोलीला आधीच सोयर लागलेलं. तिथं तिनं कुठंही हात लावावा, नाळ कापावी, बाळ छातीशी धरावं. आणि काम झालं की सूप मागच्या अंगणात ठेवायचं, त्यात ज्वारी आणि जुनं लुगडं, ते तिनं उचलून न्यायचं. ती वळली की मागून तिच्या पावलांवर पाणी. पोटातून पोर बाहेर येईपर्यंत तिचे हात चालतात आणि नंतर चालत नाहीत, हे ज्यानं कुणी पहिल्यांदा ठरवलं असेल त्याला माझ्या वर्गात एकदा उभा करायला हवा होता.

हाराची गोष्ट सरपंचांच्या कानावर गेली. मला वाटलं भांडण होणार. मी पदर खोचूनच तयार होते. पण सरपंच खूश झाले.

“चांगलं हाय ना, बाई. वर्ध्याहून साहेब येऊन राह्यले. त्याइलेबी दिसन, आपलं गाव किती सुधारलं.”

“मग हार घालणार कोण?” मी विचारलं.

“घालाचं काऊन? मांडवाच्या भाईर स्टूल ठेवू. स्टुलावर हार ठेवू. बुढी उचलून घेईन. ताल्या वाजवू आपन.”

“पाहुण्यांचा हारही स्टुलावर ठेवायचा का?”

ते हसले. “मास्तरीनबाई, सगळं एका दिवसात नाई होत.”

विरोध केला असता तर मला एवढा संताप आला नसता. त्यांना उपकार मानायचे होते, पण लांबून, आणि पाहुण्यांना दिसेल असे. मी बुढीकडे जाऊन सगळं खरं सांगून टाकलं आणि म्हटलं, येऊ नका. तिनं ऐकून घेतलं. “पोरीइनं कातलं हाय ना? मंग येईन,” म्हणाली.

आली. पांढरं स्वच्छ लुगडं नेसून मांडवाबाहेर उन्हात उभी राहिली. साहेबांच्या गळ्यात माझ्या वर्गातल्या पोरीनं हार घातला. साहेब समतेवर बोलले, नंतर कृतज्ञतेवर बोलले, मग पुन्हा समतेवर आले. मला सातवा महिना लागलेला, पाय भरून आले होते. शेवटी सरपंचांनी बुढीला हाक मारली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

तिनं हाराकडे पाहिलं. मग पोरींकडे पाहिलं.

“कोनं कातलं वं हे?”

सगळ्या रांगेचे हात वर झाले.

“मंग तुमीच घाला ना, पोरीहो.”

पायाळू पोरगी उठली. तिच्या बापानं पुरुषांतूनच नुसतं खाकरलं आणि ती बसली. मी उठले, तर पोटामुळे मला उठायलाच वेळ लागला. तोवर बुढी बोलायला लागली होती.

“राहू द्या. सूत शाळेतच ठेवा. मले एकच सांगाचं हाय. याच्यापुढं मी सांदवाडीतून कोनाच्याच घरी येनार नाई. समोरच्या दारानं बोलवान तं येईन. वावरातून उठून येईन.”

आणि ती निघून गेली. साहेबांना वाटलं तिनं आभाराचं भाषण केलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब वाजवतात म्हणून सरपंचांनी वाजवल्या, आणि मग सगळ्या गावानं. तो हार शाळेच्या कपाटात गेला आणि पंधरा ऑगस्टला दुसऱ्या एका पाहुण्याच्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलणं. बुढी माजली. तिले कोन बोलावते पाहू. ज्यांच्याकडे बैलगाडी होती त्यांनी लेकी-सुना पुलगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्या बायका पोटावर हात ठेवून गप्प बसल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मुलं त्या जन्माला घालणार, आणि दार कुठलं ते पुरुष ठरवणार.

माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, बुढी येईल तर समोरच्या दारानं येईल. ते जमत नसेल तर मी शाळेच्या व्हरांड्यात बाळंत होईन. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बोलून झालं असन तं जेवून घे.”

चैत्रात, सकाळी, मला कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी मला खोलीत निजवलं आणि बाहेर गेल्या. मग समोरच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्याचा आवाज आला. सालदाराला, आमच्या शेतावरच्या गड्याला, त्या सांगत होत्या, “जाय, बुढीले आन. समोरून आनजो.” इतका आनंद मला झाला की कळ आली तरी मी हसत होते.

बुढी ओट्यावरून, ओसरीतून, माजघरातून माझ्याकडे आली. दुपारपर्यंत मुलगी झाली. तिनं नाळ कापली, मुलीला पुसलं, माझ्या कुशीत दिलं आणि आली तशीच समोरच्या दारानं गेली. तिची पावलं अंगणातून बाहेर पडली न पडली तोच मला पाण्याचा आवाज आला. बादली, मग हात फिरल्याचा, मग पुन्हा बादली. सासूबाई शेणपाण्यानं ओटा धूत होत्या.

मला उठता येत नव्हतं, नाहीतर ती बादली मी विहिरीत फेकली असती. मी पडल्या जागेवरून वाटेल ते बोलले. सासूबाई ओटा धूतच राहिल्या. त्यांच्या हिशेबी त्यांनी माझा शब्द पाळला होता. दार उघडलं होतं. ओट्याचं काही बोलणं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुढी मुलीला न्हाऊ घालायला आली, तेव्हा ओटा सकाळी पुन्हा सारवलेला, अजून ओला. तिचा पाय ओल्यात पडला. तिला काय समजायचं ते समजलं. माझ्या डोळ्याला धार लागली. मी म्हटलं, “तुम्ही येऊ नका हो. माझं मी बघून घेईन.”

“तू काय पाहशीन? तुले पोर धरता येत नाई अजून,” ती म्हणाली. मग माजघराकडे तोंड करून, सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाली, “धुवा, माय. मी रोज येईन, तुमी रोज धुवा. पाहू कोनाचा हात पह्यले दुखते.”

आणि खरंच ती रोज आली. येताना समोरून, जाताना समोरून. आणि सासूबाईंनी रोज ओटा धुतला. चैत्रात आमच्या विहिरीचं पाणी तळाला जायचं, दोर सोडता सोडता संपायचा. तेवढं पाणी ओढायचं, वाहायचं, ओटा, ओसरी, माजघर. सालदाराला सांगितलं तर त्यानं नीट केलं नसतं, म्हणून सगळं स्वतः. मी आत पडून रोज तो आवाज ऐकायची आणि रोज दात खायची. एवढी मेहनत माणूस कशासाठी करतो? एका बाईची पावलं पुसण्यासाठी, जी आपल्याच नातीला न्हाऊ घालून गेली.

मुलीच्या बारशाला दोन-चार दिवस उरले असताना सासूबाईंचं उजवं मनगट सुजलं. घागर उचलेना, भाकरी थापवेना. बुढी माझ्याकडून निघाली आणि माजघरात थांबली. मला खोलीतून दोघी दिसत होत्या.

“दाखवा,” बुढी म्हणाली.

सासूबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. पण हात त्यांनी मागे घेतला नाही. बुढीनं तो धरला, तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि उभ्याउभ्याच मनगट चोळून दिलं. त्या दिवशी पाण्याचा आवाज आला नाही.

ही हकिगत ऐकली की लोकांचे डोळे भरून येतात. हृदयपरिवर्तन म्हणतात. कसलं हृदय? मनगट सुजलं होतं. एका बाईच्या पावलांमागचं पाणी थांबायला दुसरीचा हात निकामी व्हावा लागला, यात डोळे भरून येण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. सासूबाईंनी तिचे आभार मानल्याचं मी कधी ऐकलं नाही. मीही पुढं कुठल्या वर्गाला उपकारांवरचा धडा तसा शिकवला नाही. मी पोरींना बुढीची गोष्ट सांगायची आणि म्हणायची, आता तुम्ही भांडा.

मनगट चोळल्याच्या दुसऱ्या दिवशी बुढी आली तेव्हा ओटा कोरडा होता. तिनं त्याच्यावरून तळपाय फिरवला आणि आत आली.

“हात कसा हाय?”

“बरा हाय,” सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “अजून दोन रोज चोळजो.”

“चोळीन,” बुढी म्हणाली. “पन आज उभ्यानं नाई. पाट आना.”

देवघराशेजारी टेकवून ठेवलेला पाट सासूबाईंनी त्या सुजल्या हातानं उचलून आणला आणि माजघराच्या मधोमध ठेवला. बुढी बसली.