वाळूतले तीन फोटो

"हलू नका, आजून दोन हायेत."

गेवराईच्या बाजारपेठेत फोटो काढून घेतलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. पहिलं 'खट्' झालं की माणूस सुटल्यासारखा खांदे पाडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. स्टुडिओवाले काका मात्र डोळा कॅमेऱ्याला लावूनच डाव्या हाताची दोन बोटं वर धरायचे आणि समोरच्याला पुन्हा ताठ उभं करायचे.

त्यांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या मेनूत एक आडवी पट्टी होती. तिच्यावर ते तीन खुणा लावून ठेवत. मग एकच गोष्ट तीनदा टिपली जायची: एकदा कमी उजेड घेऊन, एकदा बेताचा, एकदा जास्त. बहुतेकांच्या कॅमेऱ्यात ही सोय असते आणि बहुतेक जण तिला हातही लावत नाहीत. काका शाळेच्या दाखल्याचा फोटोसुद्धा असाच काढायचे. मी एकदा म्हणालो, "काका, पासपोर्ट फोटोला कशाला एवढा थाट?"

"कॅमेऱ्याला काय कळतंय बे? त्याला पांढरा सदरा दिसला की त्यो माणसाचं तोंड काळं करतो."

स्पष्टच सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटायचा. मी नदीसाठी, रेशनसाठी, रस्त्यासाठी पत्रकं लिहून घसा आणि बोटं झिजवत होतो. माझ्या आईने ती पत्रकं फडताळात अंथरली, वर डबे ठेवले. आणि काकांनी काढलेला तिचा एक फोटो मात्र देवाशेजारी लावला. "त्यान्ला मानूस दिसतो रे," म्हणायची. मला काय दगड दिसत होते?

लग्नात तर त्यांचा रुबाब बघवत नसे. एका नवरीच्या आईने हट्ट धरला, तीन फोटोंतला सगळ्यात उजळ तोच अल्बममध्ये लावा, पोरगी गोरी दिसती. काकांनी अल्बम मिटला.

"ताई, या फोटोत तिच्या कपाळावरचं कुकूबी उडालंय. पोरगी हाय तशी लई देखनी हाय. मी मधलाच लावनार."

बाई दोन दिवस फुगून बसल्या, आणि धाकटीच्या लग्नाला पुन्हा त्यांनाच बोलावलं. माझ्यावर एकदा फुगलेला माणूस पुन्हा सभेला आलेला मला आठवत नाही.

मग आमच्या गावच्या पाणीयोजनेच्या विहिरीचा प्रश्न आला. विहीर गोदावरीच्या पात्रात. वाळूवाल्यांचं पोकलेन उकरत उकरत तिच्या कठड्यापर्यंत आलं होतं. अजून थोडं खोदलं असतं तर विहीर खड्ड्यात कलंडली असती आणि सगळं गाव टँकरच्या दारात उभं राहिलं असतं. मी मोबाईलवर फोटो काढले. त्यात नुसता पांढरा झगझगाट आला. म्हणून नाइलाजाने काकांकडे गेलो.

"दुपारी जाऊ," ते म्हणाले. "मानसं जेवायला बसत्यात. मशीन बी उभं ऱ्हातंय."

भर उन्हात आम्ही काठावरच्या बाभळीआड उभे राहिलो. त्यांनी कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला. "पुढारी, श्वास धरा." तीनदा खट्. एवढ्या वर्षांच्या चळवळीत माझा उपयोग काय, तर कॅमेऱ्याची तिवई! पेनड्राइव्ह देताना त्यांनी बजावलं, "तिन्ही लावा. येकटा लावू नका."

मी एकटाच लावला. कमी उजेडाचा. त्यात आभाळ काळवंडलेलं, वाळू राखेसारखी, पोकलेन राक्षसासारखं, शेजारी वाळू भरायचा टिपर. तिन्ही छापले असते तर ते काकांचं काम दिसलं असतं. एक लावला की माझं पत्रक दिसणार होतं. मथळा दिला: 'अंधाराचा फायदा घेऊन नदीचा खून!'

तेच पत्रक जोडून मी तहसीलमध्ये तक्रार दिली आणि सुनावणी लागली. वाळूवाल्यांच्या वकिलाने पत्रक वर धरलं. "साहेब, टिपरची सावली बघा. बरोबर चाकाखाली आहे. ही भर दुपार! हे म्हणतात अंधार. फोटो बनावट आहे, तक्रारही बनावट."

साहेब म्हणाले, मूळ फोटो चार वाजेपर्यंत आणा, नाहीतर तक्रार निकाली काढतो.

स्टुडिओपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. मी तो कसा चाललो ते मलाच ठाऊक. काका एका म्हाताऱ्या धनगराचा पेन्शनसाठी फोटो काढत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, सावकाश वाचलं.

"येकटाच कावून लावला?"

मी दाराशी चपला काढून पुन्हा घातल्या.

"बरं." मग त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, हलू नका, आजून दोन हायेत." ते दोन काढले, मेमरी कार्ड घेतलं, शटर ओढलं.

साहेबांच्या संगणकावर तिन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. फाईलींचे नंबर ओळीने, वेळ तिन्हींवर एकाच मिनिटाची. काळ्यात खड्ड्याची कड आणि विहिरीचा उघडा पडलेला पाया. उजळात टिपरची सावलीत गेलेली नंबरपाटी. मधल्यात दोन्ही आपापल्या जागी. वकील म्हणाला, "मग हा अंधार कुठला?"

"साहेब, काळा फोटो मी काढला," काका म्हणाले. "अंधार यांनी लिवला. पोरगं तापट हाय. पन खड्डा हाय त्यो हाय."

तिथल्या तिथे खोदकाम थांबवण्याचा आदेश निघाला. विहीर वाचली. गावाने शाल, नारळ काकांना दिला. माईक कुणी धरला होता? मी. टाळ्या वाजत होत्या आणि 'पोरगं तापट हाय' हे माझ्या कानातून जात नव्हतं.

वाळूवाल्यांची सोयरीक तालुकाभर. त्यानंतरच्या लग्नसराईत काकांना मोठ्या घरांतून बोलावणीच आली नाहीत. कुणी धमकी दिली नाही, भांडण केलं नाही. नुसती बोलावणी थांबली. दुसऱ्या वर्षी ते लेकीकडे संभाजीनगरला गेले. कुणाच्या तरी फोटो लॅबमध्ये बसतात म्हणे. एकदाही मला म्हणाले नाहीत की, पुढारी, तुमच्यापायी झालं. म्हणाले असते तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

यंदा नदीत खालच्या अंगाला पुन्हा खड्डा पडलाय. ग्रामसभेत मी बोलायला उभा राहिलो, तर मागून आवाज आला, "आदी काकान्ला फोन लावा की!"

लावला. स्पीकरवर टाकला. "हालो" ऐकू आलं आणि मी काही बोलायच्या आत फोन माझ्या हातातून गेला. गुडघा कसा हाय? नातू शाळेत जातो का? गावाकडं कवा येता? बायकांकडे गेला, पारावरच्या म्हाताऱ्यांकडे गेला. खड्ड्याचं कुणी नावही काढलं नाही. लोक हसत होते. माझ्या सभेत लोक हसत नाहीत.

फोन परत आला तेव्हा तापलेला होता, आणि बंद. माझ्यासाठी काही म्हणाले का, हे मी कुणाला विचारलं नाही.