ब्रँडीतला कप्तान

हॅनिबल ट्रेनीअरला राग यायला फार काही लागत नसे. ओलं लाकूड, बोथट रंधा, पिंपावर बूड टेकून बसलेला एखादा खलाशी, एवढ्यावर त्याचं टाळकं सटकायचं. इंग्लंडच्या राजाच्या आरमारात सव्वीस वर्षं त्याने पिंपं बांधली. पाण्याची, खारवलेल्या मांसाची, रमची. पण ज्या पिंपाने त्याला जन्मभर जाळलं, ते त्याने जमैकाहून परतताना एका मेलेल्या माणसासाठी बांधलं.

त्या फेरीत पिवळ्या तापाने जहाज निम्मं रिकामं केलं. एका सकाळी कप्तान लव्हेल गेले आणि दुपारी डिगोरी गेला. डिगोरी शिडं शिवायचा. कॉर्नवॉलमधला, हॅनिबलच्याच गावचा, लहानपणापासूनचा जोडीदार. मेलेल्यांना त्यांच्याच झोपायच्या झोळीत शिवायचं कामही शिडं शिवणाऱ्याकडेच असे. पायाशी तोफेचे दोन गोळे, आणि शेवटचा टाका नाकातून. चुकून जिवंत असेल तर बोंबलत उठेल म्हणून. अशी कितीतरी माणसं डिगोरीने समुद्रात पाठवली होती.

मरण्याआधी त्याने हॅनिबलचा हात घट्ट धरला. "हॅनी, मला नको रे तिकडं पाठवूस. मी बघितलंय सगळं. केरेनच्या थडग्याशेजारी पुर मला. बायकोने जागा धरून ठेवलीय माझी."

"पुरतो म्हटलं ना! पड गप," हॅनिबल खेकसला. शब्द मात्र दिला.

जहाज आता लेफ्टनंट फॅनशॉच्या हाती होतं. प्रेत टिकावं म्हणून कप्तानांना ब्रँडीत घालून घरी न्यायचं, मोठं पिंप तयार कर, असा हुकूम त्याने सोडलाच होता.

"दोन करतो, साहेब," हॅनिबल म्हणाला. "डिगोरीला ब्रँडी नको. मांसाचं जुनं पिंप आहे, मीठपाणी आणि शिरका चालेल. वर माझ्या वाट्याची रम ओता, घर येईपर्यंतची."

"खलाशाला पिंपात?" फॅनशॉ हसला. "उद्या आचारी म्हणेल, मलाही मुरवा! खलाशी समुद्रातच जातो. तू कप्तानांचं बघ."

"मढं ते मढंच ना, साहेब?"

"जीभ आवर, नाहीतर पाठ सोलून काढीन."

शिडं शिवणारा दुसरा कुणी उठण्याच्या अवस्थेत नव्हता. तेव्हा डिगोरीला हॅनिबलनेच शिवलं. हातोड्याला सरावलेले हात, टाके वेडेवाकडे पडले. नाकापाशी तो थांबला, तसा मागून मुकादम गुरगुरला, "घाल की!" त्याने घातला. घालताना तो फॅनशॉला, देवाला आणि डिगोरीलाही शिव्या घालत होता. मग फळी कलली आणि डिगोरी गेला.

कप्तानांचे केस कापले, अंगावर एक सदरा ठेवला आणि त्यांना ब्रँडीत सोडलं. फॅनशॉ म्हणे, झाकण घट्ट ठोक, कप्तानांचा मान आहे. हॅनिबल सांगत होता, "मढ्यात वायू साठतो साहेब, वर भोक ठेवा." ऐकतो कोण! चौथ्या दिवशी झाकण कुरकुरत वर आलं आणि पहारेकरी "कप्तान उठले!" म्हणून बंदूक टाकून पळाला. तेव्हा हाक कुणाला, तर हॅनिबललाच. पुढे महिनाभर रोज खालून शिळी ब्रँडी काढायची, वरून ताजी ओतायची, आणि पिंपातली ब्रँडी ओढायला नळ्या घेऊन टपलेल्या बेवड्यांना हातोडा दाखवायचा. सडू दिलं असतं तर कोण विचारणार होतं? पण हाताला वाईट काम जमेना, आणि याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप यायचा.

प्लिमथला कप्तानांची बायको धक्क्यावर आली. फॅनशॉ छाती काढून पुढे झाला. "बाईसाहेब, जसेच्या तसे आणलेत."

बाईंनी पिंपाकडे पाहिलं. "कशाला?"

"म्हणजे?"

"मला समुद्रातच सोडा, हे ते लग्नापासून सांगत आलेत. त्यांच्या पेटीत तसा कागद होता. कुणी उघडलीच नाही?"

पेटीला फॅनशॉने स्वतः मोहोर लावली होती, न उघडता. मोठ्या माणसाला घरीच न्यायचं असतं, त्यात विचारायचं काय!

पण बाईंच्या एका शब्दावर सगळं आरमार धावलं. तासाभरात होडी तयार, वल्हेकरी तयार, पाद्री हजर. पिंप फोडायला अर्थात हॅनिबल. बंदराबाहेर कप्तानांना आरमाराच्या निशाणात गुंडाळलं, पायाशी गोळे बांधले. डिगोरीसाठी या लोकांना एक जुनं पिंप जड झालं होतं.

सगळ्यांनी टोप्या काढल्या. हॅनिबलने काढली नाही. कप्तानांचं प्रेत पाण्याला लागलं, तसा तो कडेवर वाकला आणि पाद्र्याचा आवाज दाबून ओरडला,

"खाली डिगोरी भेटेल, साहेब! त्याला सांगा, मी पिंप मागितलं होतं! सांगाल ना? मी मागितलं होतं!"