भोंग्याखालची कॅसेट

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, "आजी, तुझे आवडते अल्बम सांग ना, जुने-नवे कुठलेही." विचारलंत याचा आनंद झाला. आजीला सहसा गुडघ्यांविषयी विचारतात. पण माझी शिफारस एका अटीवर आहे: तुमच्या आबाजींना ऐकू आलेलाच अल्बम मी सुचवणार. गेल्या दोन महिन्यांत या घरात संगीताची दुसरी कसोटी उरलेली नाही.

ते तुमच्या फोनवर येत नाहीत, "सिग्नल खराब आहे" म्हणून अंगणात निघून जातात, ते तुमच्यावर रागावून नव्हे. सिग्नल ठणठणीत आहे. कान गेले आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचं काम लग्नापासून त्यांचं होतं. हिवाळ्यात तीनदा डाळ करपली तेव्हा मला कळलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे घातलं नाही तर हळूहळू माणूस बोलणंच सोडतो. मशीन बसवणारा मुलगा मात्र आनंदी होता. "बाबूजी, आदत पड़ जाएगी." बाबूजींना सवय झाली ती मशीन दाढीच्या डब्यात ठेवायची.

"त्यातून भांडे पडल्यासारखा आवाज येते," ते म्हणाले. "मले नाई पायजे."

ज्या माणसाने तरुणपणी रेडिओसाठी सायकल विकली आणि मग रेडिओ डोक्यावर घेऊन पायी घरी आला, त्याला आवाज नको झाला होता. तेव्हा मी कपाट उघडलं. माझ्या कॅसेट अकारविल्हे लावलेल्या असतात, आबाजींच्या कॅसेट शेंगदाण्याच्या टरफलांसोबत पडलेल्या. रोज दुपारी चहाच्या वेळी एक अल्बम, आणि तेवढा वेळ कानात मशीन, असा तह झाला.

पहिली बासरीची लाँगप्ले तबकडी. नागपूरला कॉलेजात असताना मी ती विकत घेतली होती, मुख्यतः वसतिगृहातल्या मुलींनी कव्हर पाहावं म्हणून. पण वादन खरोखर सुंदर आहे, तुम्ही अवश्य ऐका. बासरी वरच्या सप्तकात गेली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबाजींनी बशीत चहा ओतला.

"लाव ना आता," ते म्हणाले.

"लावली आहे."

"मंग वाजून काऊन नाई राहिली?"

दुसरे गझलचे दोन भाग. गायक माइकच्या इतक्या जवळ जाऊन कुजबुजतो की शेजारणीची चुगली सांगतोय असं वाटतं. तरुणपणी हे मला फार नाजूक वाटायचं. आबाजींना तबला ऐकू आला, गायक नाही. गायकावाचून काही फार अडलंय असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

मग तुम्ही पाठवलेले नवे अल्बम. नातवा, तुझा तो "अभ्यासासाठी शांत संगीत" मी पूर्ण ऐकला. पाठीमागे कपबशा वाजतात, खुर्च्या सरकतात, लोक पुटपुटतात, आणि अधूनमधून कुणीतरी पियानोला चुकून धक्का लावतो. यासाठी तू दरमहा वर्गणी भरतोस हे ऐकून मला आपल्या स्वयंपाकघराच्या उत्पन्नाची नवी दिशा सापडली. आबाजी त्यावर झोपले. म्हणजे अल्बम उपयोगाचा आहे, झोप न येणाऱ्यांना सुचवते.

नाती, तुझी ती रॅप करणारी मुलगी मात्र मला मनापासून आवडली. वस्तीबद्दल, शाळेतल्या बाकाबद्दल, आपल्या माणसांबद्दल तडातडा बोलते, आणि रागाला कारण देते. आपल्याकडच्या भीमगीतं म्हणणाऱ्या गायन पार्टीची नात शोभते. मी तीनदा ऐकली. आबाजींनी एकदा ऐकली आणि काळजीने विचारलं, "कोनाशी भांडून राहिली वो ते पोरगी?"

"शतकांशी," मी म्हटलं.

"जोरात सांग."

मी जोरात सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मशीन काढून डब्यात टाकलं. "भांडू दे तिले. मले शब्द समजून नाई राहिले, तं उगा कायले ऐकू?"

त्या दिवशी मला भीती वाटली. टोमणे मारायला समोर ऐकणारा माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी, आणखी काही उरलं नव्हतं म्हणून, मी त्यांचीच एक जुनी कॅसेट लावली. दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरते, त्या जत्रेत शाळेच्या पटांगणात दोन गायन पार्ट्यांचा सामना झाला होता. एकीने भीमगीतातून सवाल टाकायचा, दुसरीने जवाब द्यायचा. आबाजी नवा टेपरेकॉर्डर घेऊन गेले. आवाज सर्वांत मोठा जिथून येतो तिथेच रेकॉर्डिंग सर्वांत चांगलं होणार, या शास्त्रीय विचाराने त्यांनी तो कडुनिंबावर चढून लाउडस्पीकरच्या भोंग्याला बांधला. त्यामुळे या अल्बमात गायिका पत्र्याच्या डब्यातून गाते, हार्मोनियमला सर्दी झालेली आहे, आणि दोन कडव्यांच्या मध्ये सूचना देणारा गडी सगळ्यांच्या वर आहे. इतकी वर्षं मी याला कचरा म्हणत आले. कपाटात ती टरफलांच्याही मागे होती.

मशीन त्यांनी तहाखातर घातलं, तोंड वाकडं करून. मी टेप त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर लावली आणि भाजी निवडायला बसले. ढोलकी सुरू झाली. थोड्या वेळाने पाहते तो खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चालली होती, बरोबर ठेक्यात.

मला लगेच आनंद झाला नाही. ही कॅसेट त्यांना पाठ आहे. माणूस आठवणीवरही ठेका धरतो. खात्री करायची म्हणून मी त्यांच्या मागे गेले आणि कडवं अर्ध्यात असताना टेप थांबवली.

बोटं थोडी पुढे गेली. मग थांबली.

"बंद काऊन केली वो?" ते न वळता म्हणाले. "बैलाचं राह्यलं ना अजून!"

मी बटण दाबलं. कडवं संपलं, आणि भोंग्यातून तो गडी कडाडला, "पांढरी जोडी ज्याची असंल त्यानं लवकर या, बैल चिवड्याच्या दुकानात शिरून राहिले!" आबाजी त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणाले आणि खोकला लागेपर्यंत हसले. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, बारीक आवाज या कानांतून आधी जातात, भोंग्याचा जाडाभरडा टिकतो. त्याच्यापासूनच सवय करा. म्हणजे कडुनिंबावर चढणं योग्य होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आयुष्यभर ऐकावं लागेल.

तर माझी पहिली शिफारस हीच. बासरी नंतर ऐका. सकाळी तुमच्यासाठी टेपजवळ फोन धरून ती उतरवून घेतली. आबाजी मशीन घालून शेजारी बसले होते. नेमकी मधेच कुकरची शिट्टी झाली. मी वैतागून म्हटलं, "बिघडलं सगळं, पुन्हा करू या."

"राहू दे तशीच," आबाजी म्हणाले आणि गॅस बंद करायला उठले. "मले ऐकू आली."