चार दात, दोन स्क्रू

“पहले पानी, फिर पैसा.” गिऱ्हाईक गादीवर टेकलं की सेठ हे म्हणायचे आणि पाण्याचा ग्लास नि भाजलेला पापड पुढे सरकवायचे. उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात त्यांचा गाऊन-परकरांचा होलसेलचा गाळा होता. सिंधी माणसं पाण्याबरोबर पापड देतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण सेठच्या पापडात धंदा होता. तोंडात पापड असलेल्या माणसाला भांडता येत नाही. मी पापड पिशवीत टाकायचे आणि भांडायला सुरुवात करायचे.

मी बुवापाड्यात वाढले. दारोदार परकर विकले, मग बदलापूरला हेंद्रेपाड्यात स्वतःचं दुकान टाकलं. मला कुणी फुकट काही दिलं नाही, त्यामुळे पहिल्या भावाला हो म्हणायची जीभ मला नाही. सेठ मला ‘अदी’ म्हणत, त्यांच्या भाषेत बहीण. बहिणीला लुटताना त्यांचा हात कधी थरथरला नाही.

सेठना खालचे पुढचे चार दात नव्हते. मुलानं हौसेनं कवळी करून दिली होती, पण ती बोलताना हलायची. एकदा भाव सांगता सांगता ती परकरांच्या गठ्ठ्यावर पडली.

“ही डझनावर देता की सुटी?” मी विचारलं.

“अदी, तेरे को तो फ्री में भी नहीं दूँगा,” सेठ म्हणाले आणि कवळी गल्ल्यात टाकली. ती तिथेच राहिली.

आता त्या फटीची गोष्ट ऐका. सेठ प्रत्येक भावाला शपथ घ्यायचे. “माँ कसम, घर से जा रहा है.” शपथेवर विश्वास ठेवला असता तर मी आजही दारोदार फिरत असते. पण भाव खरोखर तळाला लागला की त्यांच्या जिभेचं टोक त्या फटीत यायचं, बिळातून उंदरानं डोकवावं तसं, आणि आत जायचं. हे मी पहिल्याच दिवाळीत हेरलं. जीभ दिसेपर्यंत भांडायचं, जीभ दिसली की गठ्ठा बांधायला सांगायचा. आपल्या नवऱ्यालासुद्धा मी हे सांगितलं नाही. माझं दुकान त्या जिभेवर उभं राहिलंय म्हटलं तरी चालेल.

एके दिवशी सेठनी ग्लास पुढे केला आणि आवाज खाली आणला. “नातीचं लग्न ठरलं, अदी. फोटोत तोंड मिटून बसू काय? पक्के दात लावायचेत. हाडात स्क्रू घालतात ते.”

“मग लावा.”

“तू चल ना. मेरे को बेचना आता है, लेना नहीं आता. डॉक्टर बोलेल त्याला मी हां बोलून येईन.”

दुसरा कुणी लुटला जात असलेला मला बघवत नाही. ते काम माझं. मी गेले.

अंबरनाथची डॉक्टरीण तरुण होती. तिनं एक्सरे लावला, सेठची शुगर विचारली आणि माझ्याकडे वळली. “तुम्ही यांच्या मिसेस का?”

“मी यांची गिऱ्हाईक,” मी म्हणाले. “दात चार, मग स्क्रू दोनच कसे?”

“दोन स्क्रूंवर चार दात बसतात, काकू. पुलासारखे.”

“मग दोनाचेच पैसे घ्या.”

सेठनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू घरात पाळलेला वाघ पहिल्यांदाच शेजाऱ्यावर सोडलाय. डॉक्टरीण हसली, पण लगेच हटली नाही. स्वस्तातला स्क्रू मीच नको म्हटलं, कारण स्वस्त गाऊनचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मी स्क्रूवर बसवायच्या दातांच्या टोप्यांवर घसरले, मग एक्सरेवर, मग तपासणीच्या फीवर. शेवटी तिनं पाण्याची बाटली उघडली आणि बरंच काही सोडलं. मला चटक लागली होती. “आणि हे हाड स्क्रू धरायला तीन-चार महिने घेतं म्हणता, ते दीड करा.”

“हाडाशी घासाघीस चालत नाही, काकू.”

ते महिने सेठनी जिलेबीकडे पाठ करून काढले. दात बसले, नातीचं लग्न झालं, आणि नंतर मी माल घ्यायला गेले तर सेठनी पापड घेऊन पुढच्या दातांनी कडकन तोडला.

“बोल अदी, किती डझन?”

मी भांडले. भाव खाली आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. समोर चार पांढरेशुभ्र दात, भिंतीसारखे. जीभ कुठे होती, देव जाणे. कुठे थांबायचं ते मला कळेना. मी अंदाजानं थांबले आणि घरी येऊन हिशोब मांडला तर अंगाचा तिळपापड झाला. माझी खिडकी बंद करायला मीच गवंडी ठरवून दिला होता, वर त्याची मजुरीही कमी करून आणली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नदी आमच्या दुकानात शिरली. दिवाळीचा अर्धा माल आधीच भरून ठेवला होता, त्याचा चिखल झाला. पुन्हा माल भरला नाही तर दिवाळीनंतर शटर कायमचं खाली, इतकं सरळ होतं. मी सेठकडे गेले. पायाला चिखलाचा वास होता, पण पुराबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. सेठनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उठून आले असते.

त्यांनी नेहमीसारखा चढा भाव सांगितला आणि शपथ घेतली. मी भांडले, पण माझ्यात जीव नव्हता. थोडा भाव उतरला तशी मी म्हणाले, “बांधा गठ्ठा.”

“बस? इतने में?” सेठ चिडले. “अंबरनाथला वाघीण होती, इथं शेळी काय? बोल आगे.”

मी आणखी पाडून मागितला. ते छातीवर हात मारून ओरडले आणि उतरले. मी पाडत गेले, ते ओरडत गेले. ज्या भावात त्यांना नुसतं कापड पडलं नसतं, तिथे येऊन ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. मग चार दातांवरून जीभ घालून खालचा ओठ आतून सावकाश पुढे ढकलला. चांगला फुगला. आणि परत आत गेला.

मी पिशवीची नाडी धरून बसले. “सेठ, तुम्हाला माहीत होतं?”

“क्या?” म्हणाले आणि पापडाचा तुकडा तोडला.

म्हणजे सगळं ठाऊक असून या माणसानं मला अंबरनाथला नेलं होतं. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जायचंही काही कारण नाही. त्या दिवाळीनं माझं दुकान वाचलं, तो हिशोब वेगळा.

सेठ गेले त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. गाळ्यावर मुलगा बसतो, चांगला आहे. प्रत्येक गठ्ठ्यावर फिक्स रेटचं स्टिकर असतं. पाण्याची सीलबंद बाटली मिळते, पापड नाही. सेठचा फोटो गल्ल्याच्या वर लावलाय, नातीच्या लग्नातला, चारही दात दाखवून हसताना.

“आंटी, एकच भाव,” मुलगा म्हणतो.

तरी मी सवयीनं पाडून मागते. आणि मागून झालं की वर बघते, खालचा ओठ पुढे येतो का.