जपानी गाडीचं नाक आणि वटारच्या टीचर

वटारच्या टीचर नसत्या तर आज मी इथे नसते. वाशिमकडे भावाच्या घरात, वहिनीची नजर चुकवत एका कोपऱ्यात बसलेली असते. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे आहे ते आठवलं की अजून किळस येते, आणि त्या किळसेत टीचरांचं सांगायचं राहून जायला नको.

टीचर म्हणजे रिटायर झालेल्या विज्ञानाच्या बाई. वटार हे वसईकडचं गाव. तिथे त्यांना सगळे टीचरच म्हणतात, चर्चमधले फादरसुद्धा. त्यांच्या वाडीत केळीच्या मागे एक खोली आहे. नवरा गेल्यावर मी इकडे आले, तेव्हापासून त्या खोलीत राहते. माझी शाळा सातवीत सुटली. बघायला पाहुणे आले आणि सुटली. त्या पाहुण्यांतल्या एकीने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं होतं आणि म्हणाली होती, "नाक बसकंय, पण चालेल." ती बोटं मला अजून हनुवटीवर लागतात.

मी निर्मळच्या रस्त्यावरच्या एका मूर्तींच्या कारखान्यात घासकाम करते. गणपतीआधी गणपती, दिवाळीनंतर नाताळला येशूजन्माचा गोठा मांडतात त्यातल्या गाई, मेंढ्या, मेंढपाळ. भेगा-खड्डे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, अंगावरून हात फिरवून बघायचा. मालकांना आम्ही दादा म्हणतो. दादा वाईट माणूस नाही, पण काम बिघडलं की त्यांना माणूस दिसत नाही.

दिवाळी झाली आणि दादांनी एक वेगळंच काम घेतलं. विरारवरून बुलेट ट्रेन जाणार म्हणून रेल्वेची आवड असलेल्या काही लोकांनी वसईत प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. त्यांना मांडायला जपानच्या नव्या बुलेट गाडीचं नाक, म्हणजे पुढचं तोंड, हवं होतं. पाच फुटी, पीओपीचं, आत काथ्या घालून मजबूत केलेलं. दादांनी ढोबळ आकार करून दिला आणि घासकाम माझ्याकडे आलं. सोबत जपानी गाड्यांच्या चित्रांचे इंग्रजी कागद होते. मी चित्रं बघितली. मला ते नाक आवडलं. सुसरीसारखं शांत वाटलं.

मग साहेब लोक यायला लागले. आधी एकेकटे.

पहिले आले बँकेतून रिटायर झालेले काका. हातात भज्यांचा पुडा. तेलकट बोटं त्यांनी पांढऱ्या पीओपीवर अशी ठेवली, जसं काही ते त्यांच्या घरचं टेबल. "मावशी, हे फार उग्र झालंय. जपानची पहिली गाडी बघा, कसं गोल गोंडस नाक होतं. बाळासारखं. पुढून जरा गोल करा."

"हो साहेब," मी म्हटलं आणि केलं.

दोन दिवसांनी चष्मेवाला इंजिनीअर आला. "अरे यार! हा काय बटाटा? मावशी, खंड्या पाहिलाय का? पाण्यात सूर मारतो, थेंब उडत नाही. त्याच्या चोचीवरून तिकडे गाडी बनली होती. ती खरी गाडी! तसं टोकदार पाहिजे."

टीचरांच्या वाडीतल्या बावखलावर, म्हणजे छोट्या तळ्यावर, खंड्या रोज येतो. आपल्याला कळलं म्हणून मला बरं वाटलं. "हो साहेब."

तिसरा कॅमेरेवाला. त्याला काहीच आवडत नव्हतं. तोंड असं करायचा, जणू कुणीतरी त्याच्या ताटात ओकलंय. "यक्. ओरिजिनलच घाण आहे म्हणा. आधीची हिरवी काय क्लास होती, लांबलचक! ही म्हणजे दारावर आपटलेलं बदक. मावशी, वरून चपटी करा, निदान लांब तरी दिसेल."

"हो साहेब."

मी हो का म्हणत गेले, तर आमच्या धंद्याची रीतच ती. बुकिंग झालेला गणपती बघायला माणूस येतो आणि म्हणतो, सोंड जरा बारीक करा. आपण हो म्हणायचं, दोन हात मारायचे, तो खूश. तो गणपती त्याच्याच घरी जातो, त्याची सोंड त्याला लखलाभ. समोर उभा असेल तो खरा. पण इथे नाक एक आणि मालक तीन, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शिरलं तेव्हाही नाही म्हणायची भीती वाटली. काम गेलं तर जायचं कुठे? म्हणून मी एक युक्ती केली. भिंतीकडची बाजू काकांसाठी गोल ठेवली, दाराकडची चष्मेवाल्यासाठी निमुळती. वरून कॅमेरेवाल्यासाठी चपटं केलं. एकेकाला त्याचीच बाजू दाखवायची.

मग एका रविवारी तिघे एकदम आले आणि त्यांनी नाक फिरवून मधोमध आणलं.

इतकं घासलं होतं की पीओपी पातळ होऊन आतला काथ्या बाहेर आला होता. वाकड्या नाकाच्या शेंड्यातून तपकिरी केस लोंबत होते. तिघे एकमेकांकडे बघून हसत सुटले. काका हसता हसता ठसकले, भज्याचा चोथा उडून नाकावर पडला. तो कुणी पुसला नाही.

"हे नाक आहे की शेंबूड?"

"थांब, फोटो, फोटो! ग्रुपवर टाकतो."

कॅमेरेवाल्याने टाकला. लगेच फोन टिंगटिंग वाजायला लागले. हिरव्या तोंडाच्या ओकाऱ्या काढणाऱ्या बाहुल्या एकामागून एक. ते एकमेकांना दाखवत होते. "बसकं तर बसकं, वर केसाळ!" कॅमेरेवाल्याची नजर गाडीवरून माझ्या तोंडावर आली. तो चष्मेवाल्याच्या कानात काहीतरी बोलला आणि चष्मेवाला खाली बघून हसला. माझ्या हनुवटीवर ती जुनी बोटं आली. मला त्यांची शिसारी आली, भज्यांच्या तेलाची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्याच तोंडातून निघालेल्या 'हो साहेब'ची.

दादा आतून आले. "कुणी सांगितलं तुला असं करायला?"

"साहेबांनी."

"आम्ही?" काका म्हणाले. "आम्ही फक्त ओपिनियन दिलं, मावशी."

बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. ज्यांचं एका नाकावर कधी एकमत झालं नाही, त्यांचं या एका गोष्टीवर झालं.

ते गेल्यावर दादा म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रदर्शन आहे. तोवर नीट झालं नाही तर गावचं तिकीट काढ."

संध्याकाळी मी बावखलाच्या पायरीवर हात धूत बसले होते. टीचर केळीतून काठी टेकत आल्या. "रडतेस काय?"

"नाही टीचर. लांबी गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी बिचारी वगैरे काही म्हटलं नाही. "चित्रांचे कागद आण," म्हणाल्या. ओसरीवर बसून, मोतीबिंदूमुळे कागद नाकाशी धरून, त्यांनी ते इंग्रजी वाचून काढलं. मग घरातून सायकलचा पंप आणला. पंपाच्या तोंडाशी माझा तळहात धरला आणि दांडा खाली दाबला. हवेचा फटका बसला.

"गाडी वेगाने बोगद्यात शिरते तेव्हा पुढची हवा अशी दाबली जाते. दुसऱ्या तोंडातून धडाड् आवाज निघतो. तिथे बाहेर माणसं राहतात, बाय. त्यांना त्रास होऊ नये म्हणून नाक असं निमुळतं. हवा हळूहळू बाजूला व्हावी म्हणून. आता गणितं सुधारली, म्हणून थोड्या आखूड नाकातही भागतं. शोभेसाठी नाही केलेलं ते."

मी परत चित्राकडे बघितलं. कुणाची तरी झोप मोडू नये म्हणून केलेलं नाक, आणि त्याच्याकडे बघून हे ओकारीच्या बाहुल्या पाठवत होते.

टीचरांनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. चित्रावर रेघा मारून मोजमाप वाढवलं आणि मला सांगून सांगून फर्मे, म्हणजे आकार ताडून बघायचे साचे, कापून घेतले. एक बाजूचा, एक वरचा, दोन आडवे. "आता फर्मा बसतो की नाही एवढंच बघायचं. समोर कोण उभं आहे ते बघायचं नाही."

"पण ते परत येतील टीचर. परत सांगतील."

तेव्हा त्यांनी शाळेची एक कोरी वही दिली. माझ्याच हाताने पहिल्या पानावर लिहायला लावलं: 'बदल हवा असल्यास येथे लिहावे व सही करावी.' माझं अक्षर सातवीतलंच राहिलंय. मी लाजले. "वाचता येतंय ना? मग झालं," टीचर म्हणाल्या.

सोमवारी मी काथ्याचे केस कापले, नवं पीओपी चढवलं आणि वही दोरीने खांबाला टांगली. दादांनी वाचलं, मिशीत काहीतरी पुटपुटले, पण काढली नाही.

बुधवारी काका आले. तोंड उघडलं, आणि मी वही पुढे केली.  त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "सही कशाला? घरचंच काम आहे." गेले. चष्मेवाल्याने लिहिलं, 'अजून टोकदार', पण सही केली नाही. कॅमेरेवाल्याने त्याखाली लिहिलं, 'ज्याला गाड्यांतलं कळत नाही त्याने लिहू नये.' शुक्रवारी दोघे ते वाचून अंगणात भांडायला लागले. थुंकी उडत होती, जुन्या गाड्यांचे नंबर शिव्यांसारखे निघत होते. नाकाकडे दोघांचीही पाठ होती.

मी आत घासत होते. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबाला प्रश्न विचारला, "साहेब, बोगद्याजवळच्या लोकांसाठी आहे ना हे नाक?"

चष्मेवाल्याने हात झटकला. "ते माहितीये हो मावशी! पण लुक बघा ना, लुक!"

माहिती होतं त्यांना. मला वाटलं होतं, माहिती नसेल. माहिती असून हे असं, त्याची किळस जास्त वाटली. अजून वाटते.

शनिवारी चारही फर्मे बसले. रविवारी हॉलमध्ये नाक दिव्याखाली ठेवलं. काका पाहुण्यांना सांगत होते, "आम्ही स्वतः उभं राहून करून घेतलं, इंच इंच." कॅमेरेवाल्याने त्याला टेकून स्वतःचा फोटो काढला आणि तसंच तोंड करून म्हणाला, "तरी घाणच." टीचर रिक्षाने आल्या होत्या. त्यांना धड दिसत नव्हतं. समोर बांधलेल्या दोरीखालून हात घालून त्यांनी शेंड्यापासून मागपर्यंत तळवा फिरवला, जसा आम्ही फिरवतो, आणि म्हणाल्या, "कुठे अडकत नाही."

सोमवारी दादा आले. मेंढ्यांचा ट्रे माझ्यासमोर सरकवला आणि पुढे गेले. काम राहिलं, खोली राहिली.

टीचरांच्या घरी त्यांच्या वडिलांच्या वेळचा नाताळचा मातीचा गोठा आहे. त्यातल्या मेंढपाळाचा उजवा हात तुटलेला आहे. दर नाताळला त्या त्याला भिंतीकडे वळवून उभं करतात, म्हणजे दिसायला नको. कुणाला हात लावू देत नाहीत, मागे एकाने दुरुस्त करायला घेऊन आणखी बिघडवला होता म्हणून. अजून माझा हात तेवढा बसलेला नाही, मातीचं काम मला शिकायचंय. पण तो हात मीच करणार आहे. एका नाताळला तो मेंढपाळ घरातल्या माणसांकडे तोंड करून उभा राहील, टीचर. फक्त हात कसा हवा ते आधी तुम्ही वहीत लिहायचं आणि खाली सही करायची.