माझ्या सहीने गेलेला खुलासा

जळगावात पंधराएक वर्षं मी एका दैनिकासाठी राजकारण लिहिलं. मग आवृत्तीची पानं कमी झाली, माणसं कमी झाली, आणि सरकारी माहिती अधिकाऱ्याच्या जागेसाठी मी अर्ज केला. निवड होऊन नेमणूक धुळ्याला मिळाली. घर जळगावात मेहरूणलाच राहिलं. शनिवारी पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीने परत यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. ज्या प्रेसनोट मी न वाचता बाजूला सारायचे, त्याच आता लिहायला लागले.

तिसऱ्या महिन्यात एक बातमी आली. एका गावात नळयोजनेचं उद्घाटन झालं, पण पाणी एकच दिवस आलं, अशी. बातमी देणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली होती. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी त्याच दिवशी खुलासा द्यायला सांगितलं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने दोन ओळींचा अहवाल पाठवला, की योजना सुरळीत सुरू आहे. मी त्यावर चार ओळी रचल्या, बातमी वस्तुस्थितीला धरून नाही असं लिहिलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी खुलासा छापूनही आला.

दुपारी तिचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही गावात जाऊन आलात का?"

मी नाही म्हणाले. गावात गेल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

त्या शनिवारी मी जळगावला गेले नाही. रविवारी रिक्षा करून त्या गावात गेले. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी भांडी घासत बसली होती. अक्का, नळाला पाणी येतं का, असं मी विचारलं. तिने हात न थांबवता भिंतीकडे मान वळवली.

"नळ शे माय, पानी नही शे."

मी आणखी सात-आठ घरांत जाऊन तोट्या उघडून पाहिल्या. सगळ्या कोरड्या होत्या.

सोमवारी साहेबांना सांगितलं. आधीचा खुलासा चुकीच्या माहितीवर दिला होता, अशी दुसरी नोट काढायची आहे, हेही सांगितलं. सरकार चुकलं असं सरकारच्याच लेटरहेडवर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, सही माझी आहे, चूकही माझ्या नावावर घाला.

"मग लेखी द्या," ते म्हणाले, "आणि पाणी कधी येणार तेही त्यातच लिहा. त्याशिवाय मी नोट सोडणार नाही."

हे मला सुचलं नव्हतं. अभियंत्याकडून तारीख घ्यायला दोन दिवस गेले. पंपाची मोटर जळाली होती आणि ती दुरुस्तीला पाठवायची कोणी, यावर कागद फिरत होते. नोट गेली. दिलेल्या तारखेला नाही, पण त्यानंतर आठवड्याभरात पाणी आलं. अभियंता पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्या मुलीने माझी नोट आतल्या पानावर, जाहिरातीखाली छापली. मी तिच्या जागी असते तर पहिल्या पानावर घेतली असती, असं मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली. म्हणाली, पहिल्या पानावर त्या दिवशी पक्षांतर होतं.